भाड्याच्या सभागृहातील कार्यक्रम: आवाज आटोक्यात कसा ठेवावा आणि कान कसे जपावेत

लग्न, हळद, संगीत, साखरपुडा, मुंज किंवा संस्थेचा वार्षिक समारंभ यांसाठी मंगल कार्यालय, लॉन किंवा बँक्वेट हॉल भाड्याने घेताना आपण जेवणाचा दर, खोल्यांची संख्या, वाहनतळ आणि सजावट यांची बारकाईने चौकशी करतो. आवाजाची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही. तो विषय निघतो तो थेट कार्यक्रमाच्या रात्री, शेजारच्या इमारतीतून तक्रार आल्यावर किंवा घरातील वडीलधारी माणसे कानांवर हात ठेवून बाहेर जाऊन बसल्यावर. त्या वेळी डीजेच्या टेबलापाशी जाऊन केलेल्या विनंतीचा उपयोग फार थोडा होतो. आवाज आटोक्यात ठेवण्याचे खरे काम सभागृह ठरवताना आणि साऊंडवाल्याला विसार देताना होते, कारण तेव्हा पर्याय खुले असतात आणि लेखी अटी घालण्याची ताकद यजमानाच्या हाती असते. पुढील सूचना त्याच क्रमाने दिल्या आहेत.

हद्दीवरचा आवाज आणि कानाशी येणारा आवाज

प्रथम एक भेद स्पष्ट असावा. कार्यक्रमाचा आवाज दोन ठिकाणी मोजावा लागतो आणि त्या दोन आकड्यांचा हेतू वेगवेगळा असतो. एक आकडा सभागृहाच्या हद्दीवरचा. त्याचा संबंध कायद्याशी आणि शेजाऱ्यांच्या झोपेशी आहे. दुसरा आकडा आत बसलेल्या किंवा नाचणाऱ्या माणसाच्या कानाशी येणारा; त्याचा संबंध श्रवणशक्तीशी आहे. चारही बाजूंनी बंद, वातानुकूलित हॉलमधून बाहेर काहीही ऐकू येत नसले, तरी आत १०५ डेसिबल असू शकतात आणि पोलिसांकडे एकही तक्रार न जाता पाहुण्यांचे कान दुखावू शकतात. उलट मोठ्या लॉनवर पाहुण्यांना आवाज माफक वाटत असतानाच कुंपणापलीकडच्या घरात खिडकीची तावदाने थरथरत असू शकतात. म्हणून एकाच आकड्यावर समाधान मानू नये.

हद्दीवरच्या आवाजासाठी देशभर ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू आहेत. ते पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केलेले आहेत. त्यांनुसार सकाळी ६ ते रात्री १० हा दिवस आणि रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र मानली जाते. परिसरातील आवाजाची मर्यादा निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ व ५५, औद्योगिक भागात ७५ व ७०, तर शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबल आहे. ध्वनिक्षेपक वापरण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. सार्वजनिक ठिकाणी ध्वनिक्षेपक लावला असेल, तर त्या जागेच्या हद्दीवरचा आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जो आकडा कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. खासगी जागेतील खासगी ध्वनियंत्रणेला हद्दीवर केवळ ५ डेसिबलची सवलत आहे. म्हणजे निवासी वस्तीतील खासगी जागेच्या कुंपणावर दिवसाही ६० डेसिबलच्या आतच राहावे लागते, आणि ६० डेसिबल म्हणजे समोरासमोर बसून चाललेल्या साध्या संभाषणाइतका आवाज होय.

रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई आहे. अपवाद आहे तो सभागृह, परिषद-कक्ष, समाजमंदिर किंवा बँक्वेट हॉल यांसारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत संवाद साधण्यापुरता. कापडी मांडव किंवा तीन बाजूंनी उघडे असलेले पत्र्याचे छप्पर म्हणजे बंदिस्त जागा नव्हे, आणि दारे सताड उघडी ठेवलेल्या हॉललाही त्या अपवादाचा आधार घेता येणार नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांच्या निमित्ताने राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देता येते; परंतु ती घोषित दिवसांपुरती असते, आणि आपला कार्यक्रम योगायोगाने अशा दिवशी आला तरी परवानगी व आवाजाची मर्यादा सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात हा प्रश्न संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काशी जोडला आहे. आपल्या जागेत केलेला आवाज हद्द ओलांडून इतरांना त्रास देत असेल, तर तो करण्याचा हक्क कोणीही सांगू शकत नाही, असा त्याचा आशय आहे. आपल्याकडे ‘एकच दिवस तर आहे’ असे सर्रास म्हटले जाते. यजमानासाठी तो दिवस एकच असतो. कार्यालयाशेजारी राहणाऱ्यांसाठी लग्नसराईत असे दिवस ओळीने येतात.

कानाशी येणाऱ्या आवाजासाठी वरील नियमांत आकडा नाही. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आधार घ्यावा. संघटनेने ३ मार्च २०२२ रोजी, म्हणजे जागतिक श्रवण दिनी, कार्यक्रमस्थळांसाठी एक मानक प्रसिद्ध केले. त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाज सतत मोजला जावा, ध्वनियंत्रणेची आणि जागेच्या ध्वनिगुणांची योग्य आखणी असावी, पाहुण्यांना कानात घालायचे बोळे उपलब्ध असावेत, शांत बसण्याची जागा असावी आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण व माहिती द्यावी, अशा सहा गोष्टी आहेत. मात्र १०० ही वरची मर्यादा आहे, गाठण्याचे लक्ष्य नव्हे. त्याच संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तरी चालतो, ९० डेसिबल केवळ ४ तास आणि १०० डेसिबल सुमारे २० मिनिटे. दर ३ डेसिबलला आवाजातील ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्म्याने घटतो. या हिशोबाने ९३ डेसिबलला २ तास मिळतात. संगीताचा कार्यक्रम साधारण तेवढाच चालतो, म्हणून लहान मुले आणि वृद्ध यांचा वावर असलेल्या घरगुती समारंभात नाचण्याच्या जागी सरासरी ९३ आणि कोणत्याही परिस्थितीत ९५ च्या आत, हा आकडा धरावा असे माझे स्पष्ट मत आहे. जेवणाच्या जागी ७० च्या आसपास आवाज असला, तर पंगतीत शेजाऱ्याशी न ओरडता बोलता येते.

जागा पाहायला गेल्यावर

सभागृह शक्यतो तिथे दुसरा कार्यक्रम चालू असताना, आणि तोही संध्याकाळी, पाहावे. रिकाम्या दुपारी सर्वच हॉल शांत वाटतात. हॉलच्या मध्यभागी उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवावी. तिचा नाद बराच वेळ घुमत राहिला, तर ग्रॅनाइटची फरशी, काचेच्या भिंती आणि पत्र्याचे छत यांमुळे तिथे बोललेले शब्द एकमेकांत मिसळतील. अशा हॉलमध्ये निवेदकाचे बोलणे समजत नाही, म्हणून साऊंडवाला आवाज वाढवतो, त्यामुळे घुमणे आणखी वाढते आणि पाहुणेही एकमेकांशी ओरडून बोलू लागतात. जाड पडदे, गालिचे, गादीच्या खुर्च्या आणि कापडी छत यांनी हे घुमणे बरेच कमी होते. परंतु पडद्यांमुळे आवाज बाहेर जाणे थांबते हा गैरसमज आहे. कापड वरच्या पट्टीतला नाद शोषते. बेसचा, म्हणजे खालच्या पट्टीतला, ठोका पडदा, काच आणि साधी भिंत पार करून जातो, आणि रात्री शेजाऱ्यांना छळतो तो तोच.

व्यवस्थापकांना काही गोष्टी थेट विचाराव्यात. कार्यालय निवासी भागात येते की व्यापारी? जवळपास रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय आहे का, आणि तो भाग शांतता क्षेत्र म्हणून घोषित आहे का? (अशा संस्थांभोवती किमान १०० मीटरचे क्षेत्र तसे घोषित करता येते.) गेल्या हंगामात तक्रारी आल्या होत्या का, आणि पोलीस आल्यावर नेमके काय झाले? कार्यालयाची स्वतःची ध्वनियंत्रणा आहे का, तिला लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारे उपकरण) बसवलेला आहे का आणि बाहेरचा डीजे आणल्यास तो त्याच लिमिटरमधून जोडावा लागतो का? ज्या कार्यालयाचे व्यवस्थापक या प्रश्नांची उत्तरे न अडखळता देतात, तिथे आवाजाचा विचार आधीच झालेला असतो. ‘आमच्याकडे काही होत नाही, सगळे सांभाळून घेतो’ एवढेच उत्तर मिळाले, तर ती जागा रात्रीच्या नाचगाण्यासाठी घेऊ नये.

लॉनच्या बाबतीत थोडे गणित आधी मांडावे. मोकळ्या जागेत एका स्पीकरपासून अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर ११० डेसिबल असेल, तर २ मीटरवर १०४, ४ वर ९८, ८ वर ९२, १६ वर ८६, ३२ वर ८० आणि ६४ मीटरवर ७४. म्हणजे स्पीकरपासून ६४ मीटरवर कुंपण असले, तरी निवासी भागातील ६० डेसिबलची मर्यादा तिथे १४ डेसिबलने ओलांडली जाते. ती पाळायची तर स्पीकरपाशीच आवाज ९६ च्या आत ठेवावा लागेल. वारा, भिंती आणि जमिनीचा उतार यांनी हे आकडे थोडे बदलतात, पण निष्कर्ष बदलत नाही: वस्तीला लागून असलेल्या लॉनवर मोठ्या डीजेचा कार्यक्रम नियमांत बसणे जवळजवळ अशक्य आहे. तिथे सनई, सुगम संगीत किंवा माफक आवाजातील गाणी ठेवावीत आणि नाचाचा कार्यक्रम बंदिस्त हॉलमध्ये घ्यावा. गोव्यात किनाऱ्यालगतच्या मोकळ्या जागांवर लग्न ठरवणाऱ्या महाराष्ट्रातील कुटुंबांनीही हेच लक्षात घ्यावे. तिथेही हेच केंद्रीय नियम लागू आहेत, आणि रात्री १० नंतरचा कार्यक्रम बंदिस्त जागेत असेल तरच पुढचे बेत आखावेत.

ठरावात काय लिहून घ्यावे

बुकिंगच्या पावतीमागे छापलेल्या अटी बहुधा कार्यालयाची जबाबदारी झटकण्यासाठी असतात. ‘आवाजाबाबतची सर्व जबाबदारी यजमानाची राहील’ हे वाक्य त्यांत हमखास आढळते. ते खोडून घेता आले नाही, तरी जबाबदारी पेलण्यासाठी लागणारी साधने मागून घ्यावीत. कार्यालयाने दारे-खिडक्या बंद होतील अशा स्थितीत द्याव्यात, वीज गेल्यावरही वातानुकूलन आणि पंखे चालू राहतील याची हमी द्यावी (उकाडा झाला की पहिली उघडतात ती दारे), आणि जनरेटर शेजारच्या घरांच्या भिंतीला खेटून ठेवू नये. डिझेल जनरेटरच्या आवरणापासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. जुना, आवरण उघडे पडलेला जनरेटर ती सहज ओलांडतो.

साऊंडवाल्याशी वेगळा लेखी ठराव करावा. त्याचा मसुदा पुढीलप्रमाणे असू शकतो: ‘नाचण्याच्या जागेत स्पीकरच्या सर्वांत जवळच्या पाहुण्याच्या कानापाशी १५ मिनिटांची सरासरी ९५ डेसिबलपेक्षा अधिक होणार नाही. हद्दीवर नियमानुसार असलेली मर्यादा पाळली जाईल. यजमानांनी नेमलेल्या व्यक्तीने सांगताच आवाज कमी केला जाईल; अन्य कोणाच्या सांगण्यावरून तो वाढवला जाणार नाही. रात्री ९ वाजून ४५ मिनिटांनी शेवटचे गाणे सुरू होईल आणि १० वाजता यंत्रणा बंद होईल. या अटी पाळल्यानंतरच उर्वरित रक्कम देय होईल.’ यांतील तिसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. कार्यक्रमात आवाज वाढतो तो बहुधा साऊंडवाल्याच्या मर्जीने नव्हे. मित्रमंडळी, भाचे आणि मेहुणे एकामागून एक टेबलापाशी येऊन ‘अजून थोडा वाढवा’ म्हणत राहतात, आणि सेवा देणाऱ्या माणसाला प्रत्येकाला नाही म्हणणे जड जाते. ठरावातील हे वाक्य त्याला नाही म्हणण्याचा आधार देते.

यंत्रणेचा आकारही इथेच ठरवावा. दोनशे पाहुण्यांच्या हॉलसाठी भिंतीएवढे बेस आणि टॉप (खालच्या आणि वरच्या पट्टीचे स्पीकर) रचण्याची काहीच गरज नसते. ‘मोठा सेटअप कमी आवाजात वाजवू’ असे सांगितले जाते, पण मोठी यंत्रणा हाताशी असली की ती वापरण्याचा मोह होतोच. समोर दोन प्रचंड स्पीकर लावून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याऐवजी हॉलच्या दोन्ही बाजूंना थोड्या थोड्या अंतरावर लहान स्पीकर लावले, तर पहिल्या रांगेतील माणसाच्या कानावर मारा होत नाही आणि मागच्यालाही मंगलाष्टके स्वच्छ ऐकू येतात. ही मांडणी करून देणारे साऊंडवाले आपल्याकडे आहेत. फक्त ती मागावी लागते.

ध्वनिक्षेपकाच्या परवानगीसाठी स्थानिक पोलीस ठाण्यात पुरेसे दिवस आधी अर्ज करावा आणि परवानगीची प्रत कार्यक्रमाच्या वेळी हाताशी ठेवावी. वरात रस्त्यावरून येणार असेल, तर सभागृहाची परवानगी तिला लागू होईल असे गृहीत धरू नये. कार्यालयाच्या दारात फटाके वाजवण्याचा आग्रह असेल, तर एकेरी फटाक्यांसाठी स्फोटाच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा आहे हे ध्यानात घ्यावे. गर्दीत फटाका आणि माणूस यांत ४ मीटरही अंतर राहत नाही; क्षणिक स्फोटाने झालेली कानाची इजा वर्षानुवर्षांच्या गोंगाटाने होणाऱ्या इजेइतकीच कायमची असू शकते. मी तर फटाके पूर्णपणे टाळण्याचाच सल्ला देईन.

मांडणी, चाचणी आणि मोजमाप

स्पीकरच्या तोंडासमोर किमान ३ मीटर जागा मोकळी सोडून तिथे दोरी, कुंड्या किंवा सजावटीचे कठडे लावावेत, जेणेकरून लहान मुले स्पीकरला टेकून उभी राहणार नाहीत. स्पीकर माणसांच्या डोक्यापेक्षा उंच ठेवून किंचित खाली झुकवले, तर आवाज पहिल्या रांगेच्या कानांत थेट न जाता सर्वत्र सारखा पसरतो. त्यांचे तोंड वस्तीच्या किंवा दाराच्या दिशेला नसावे. माइक नेहमी स्पीकरच्या मागच्या बाजूला राहील अशी व्यासपीठाची जागा ठेवावी. माइक हातात घेऊन स्पीकरसमोरून चालत गेल्यावर उठणारी कर्कश शिट्टी केवळ त्रासदायक नसते, ती कानांना इजा करू शकते.

मोजण्यासाठी ध्वनिपातळी-मापक वापरावा. काही हजार रुपयांत हाती धरण्याजोगा मापक मिळतो; वर्षभर कार्यक्रम घेणाऱ्या संस्थेने तो विकतच घ्यावा. एखाद्याच कार्यक्रमासाठी मोबाइलमधील ॲप चालू शकते. आयफोनसाठी अमेरिकेच्या नायॉश या व्यावसायिक सुरक्षा संस्थेचे ध्वनिमापक ॲप विनामूल्य आहे आणि ते चांगले मानले जाते. अँड्रॉइड फोनचे माइक एकमेकांहून फार वेगळे असल्यामुळे त्यावरचा आकडा आधी खऱ्या मापकाशी ताडून घ्यावा. मापक ‘ए’ (माणसाच्या कानाच्या संवेदनेशी जुळणारे मापन) आणि ‘स्लो’ (आकडा संथपणे बदलणारी) या स्थितीत ठेवावा, शरीरापासून हातभर दूर, कानाच्या उंचीवर धरावा, आणि एखाद्या क्षणी दिसलेला आकडा न घेता १५ मिनिटांची सरासरी पाहावी. ‘ए’ मापनात बेसचा हिशोब कमी धरला जातो, म्हणून हद्दीवर आकडा नियमांत असूनही शेजारी ठोक्याची तक्रार करत असतील, तर बेसही जवळजवळ पूर्ण धरणाऱ्या ‘सी’ स्थितीत पुन्हा मोजावे. दोन्हींतील फरक मोठा असेल, तर एकंदर आवाजाऐवजी बेस कमी करण्यास सांगावे. त्यामुळे नाचणाऱ्यांच्या आनंदात फारसे उणे येत नाही आणि शेजाऱ्यांना मात्र लगेच फरक जाणवतो.

चाचणी पाहुणे येण्याच्या किमान दोन तास आधी करावी. जे गाणे सर्वांत जोरात वाजणार आहे, ते लावावे. एकाने स्पीकरच्या सर्वांत जवळच्या नाचणाऱ्याच्या जागी आणि दुसऱ्याने कुंपणावर, सर्वांत जवळच्या घरासमोर, उभे राहावे. आतला आकडा ठरलेल्या मर्यादेत येईपर्यंत मुख्य नियंत्रण खाली आणावे आणि त्या जागी मिक्सरवर (साऊंडवाल्याच्या नियंत्रण-फलकावर) रंगीत चिकटपट्टी लावावी. लिमिटर असेल, तर तो त्याच पातळीवर लावून घ्यावा. कुंपणावर संगीत बंद असतानाचा आकडाही नोंदवावा. रस्त्यावरच्या रहदारीनेच तो मर्यादेपाशी गेला असेल, तर संगीत चालू केल्यावर त्यात किती भर पडते हे पाहावे लागते. या नोंदी वेळेसह वहीत लिहाव्यात किंवा त्यांची छायाचित्रे काढावीत. तक्रार आली तर त्या उपयोगी पडतात, आणि पुढच्या कार्यक्रमाला साऊंडवाल्याशी बोलताना तर अधिकच.

कार्यक्रम चालू असताना

एका जबाबदार व्यक्तीकडे केवळ हेच काम सोपवावे. ती वधू किंवा वराकडील अगदी जवळची नसावी, कारण त्यांना विधींतून सवड नसते. एखादे शांत स्वभावाचे, पण शब्दाला वजन असलेले काका किंवा आत्या या कामासाठी उत्तम. त्यांनी दर अर्ध्या तासाने दोन्ही जागी आकडा पाहावा. मोठ्या आवाजात काही काळ गेल्यावर कान तात्पुरते बधिर होतात आणि तोच आवाज कमी वाटू लागतो; साऊंडवाल्याचेही तसेच होते, आणि म्हणून रात्र चढते तसा आवाज चढत जातो. ऐकून अंदाज बांधण्यावर विसंबू नये, चिकटपट्टीच्या खुणेवर विसंबावे. मापक नसेल, तर हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागतो का, हे पाहावे. तसे होत असेल, तर तिथे ८५ डेसिबलच्या आसपास किंवा अधिक आवाज आहे असे समजावे.

कार्यक्रमाच्या आखणीतच विसावे ठेवावेत. पाऊण तास नाच झाल्यावर १५ मिनिटे खेळ, मनोगते किंवा नुसते शांत वाद्यसंगीत ठेवले, तर कानांना विश्रांती मिळते. जेवणाची जागा शक्यतो वेगळ्या दालनात किंवा निदान स्पीकरच्या पाठीमागे असावी. याशिवाय एक खोली पूर्णपणे शांत राखावी, तिच्या दारावर तशी पाटी लावावी आणि तिथे पाणी, खुर्च्या व एक पलंग ठेवावा. ही खोली तान्ह्या मुलांच्या आया आणि वयस्क मंडळी सर्वांत अधिक वापरतात. उतारवयात अनेकांना हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज मात्र असह्य होतो. श्रवणयंत्र लावणाऱ्यांना तर गोंगाटात समोरच्याचे शब्दच लागत नाहीत. दूरगावाहून आलेल्या मावशीला कोणाशीही न बोलता परत जावे लागणे हा आवाजाचा असा परिणाम आहे, जो कोणत्याही मापकावर दिसत नाही.

तान्ही बाळे आणि लहान मुले स्वतःहून तक्रार करू शकत नाहीत. त्यांच्या कानाची नळी आखूड असल्याने वरच्या पट्टीतील आवाज त्यांच्या कानात अधिक तीव्र होतो. त्यांना नाचाच्या जागेपासून दूर ठेवावे. न्यायचेच असेल, तर डोक्यावरून घालायची कानझाकणी वापरावीत, कारण लहान बोळे मुले तोंडात घालू शकतात. गर्भवती स्त्रियांनी बेसच्या स्पीकरजवळ बसू नये, असे आवर्जून सुचवावे.

प्रवेशाशी एका तबकात फोमचे बोळे ठेवावेत; अत्तर आणि गुलाब देतो त्याच ठिकाणी ते दिले, तर कोणी संकोच करत नाही. मात्र ते नीट बसवले तरच उपयोगी पडतात. बोळा बोटांत पिळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, बोळा आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत २०–३० सेकंद बोटाने धरून ठेवावा. कापसाचा बोळा किंवा रुमाल हा पर्याय नव्हे. कापसातून आवाज जवळजवळ तसाच आत जातो आणि माणूस मात्र आपले कान सुरक्षित आहेत अशा समजुतीत राहतो.

पाहुणे दोन तासांनी घरी जातात. साऊंडवाल्याचे मदतनीस, वाढपी, छायाचित्रकार, ताशेवाले आणि सुरक्षारक्षक हंगामात रोज याच आवाजात काम करतात. अमेरिकेतील नायॉश संस्थेची शिफारस ८५ डेसिबलसाठी दिवसाला ८ तासांची आहे आणि १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. त्यांना बोळे देणे, स्पीकरपासून दूरच्या जागी आळीपाळीने काम देणे आणि वर्षातून एकदा श्रवणतपासणी करवून घेणे हे कार्यालयाचे आणि कंत्राटदाराचे कर्तव्य आहे. यजमानाला निदान एवढे करता येईल की आपल्या कार्यक्रमात त्यांच्यासाठीही बोळ्यांची पाकिटे ठेवावीत आणि स्पीकरला लागून कोणालाही उभे करू नये.

शेजारी आणि तक्रारी

कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी आसपासच्या सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर एक पत्र लावावे. त्यात कार्यक्रमाची वेळ, संगीत बंद होण्याची वेळ आणि आवाजाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक द्यावा. कोणी आजारी असेल किंवा मुलांची परीक्षा असेल, तर कळवण्याची विनंती करावी. तो क्रमांक कार्यक्रमाच्या वेळी उचलला गेलाच पाहिजे. फोन आल्यावर वाद न घालता प्रथम बेस कमी करावा, मग हद्दीवर जाऊन मोजावे. पोलीस आले, तर परवानगी आणि नोंदी दाखवाव्यात आणि त्यांच्या सूचनेप्रमाणे आवाज तत्काळ उतरवावा. ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावून कार्यक्रम पुढे रेटणे कायद्यालाही धरून नाही आणि शेजारधर्मालाही नाही. उलट आपणच त्रास सोसणारे शेजारी असाल, तर ११२ वर तक्रार करावी आणि वेळ, ठिकाण व शक्य असल्यास मोजलेला आकडा द्यावा.

कार्यक्रमानंतर

घरी परतल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखे होणे किंवा कापूस घातल्यासारखे दडपलेले ऐकू येणे, ही आवाज कानांना झेपला नसल्याची खूण आहे. अंतःकर्णातील सूक्ष्म केशपेशी आवाजाची कंपने टिपतात. त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि कोणतेही औषध त्या परत आणू शकत नाही. बधिरपणा एका रात्रीत ओसरला, तरी कान पूर्ववत झाले असे खात्रीने म्हणता येत नाही. पुढचा दिवसभर कानांना विश्रांती द्यावी, हेडफोन वापरू नयेत आणि दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमात स्पीकरजवळ जाऊ नये. कानात तेल किंवा स्वतःच्या मनाने कोणतेही थेंब घालू नयेत. लक्षणे दुसऱ्या दिवशीही टिकली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणतपासणी करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले किंवा त्यासोबत चक्कर येऊ लागली, तर त्याच दिवशी दाखवावे. अशा आजारात पहिल्या ७२ तासांत सुरू झालेल्या उपचारांना महत्त्व असते, आणि लग्नाच्या गडबडीत नेमके तेच तास ‘होईल आपोआप बरे’ म्हणून निघून जातात.